सॅमन नसलेल्या देशात सॅमनची कंपनी: फुंदासिओन चिलेचे प्रकरण

दक्षिण गोलार्धातल्या नद्यांत सॅमन मूळचा नाही. चिलेच्या दक्षिण टोकाकडे थंड, स्वच्छ पाणी होते, वादळाला आडोसा देणाऱ्या खोल खाड्या होत्या, आणि देशात मासळीची भुकटी करणारे मोठे कारखाने होते. नव्हता तो फक्त मासा. आज पाळलेल्या सॅमनच्या उत्पादनात नॉर्वेखालोखाल चिलेचा क्रमांक लागतो. या बदलात फुंदासिओन चिले या ना-नफा प्रतिष्ठानाचा वाटा मोठा आहे. १९८२ मध्ये या प्रतिष्ठानाने स्वतःच मासे पाळणारी कंपनी काढली, सहा वर्षे चालवली आणि विकून टाकली. उद्योगाच्या आणि सरकारच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेने नवे तंत्र देशात कसे रुजवावे, आणि रुजवताना काय विसरू नये, या दोन्हींसाठी हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे.

पैसा कुठून आला, हे आधी सांगायला हवे. १९७० मध्ये समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा चिलेच्या टेलिफोन कंपनीत सुमारे ७० टक्के हिस्सा आयटीटी या अमेरिकी कंपनीचा होता. आयेंदे सत्तेवर येऊ नयेत म्हणून आयटीटीने सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेला पैसे देऊ केले होते. अमेरिकी सिनेटच्या १९७३ च्या सुनावणीत ते नोंदले गेले. १९७१ मध्ये आयेंदे सरकारने टेलिफोन कंपनीचा कारभार ताब्यात घेतला. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढे जनरल पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने आयटीटीशी भरपाईची बोलणी केली. त्या तडजोडीत एक वेगळे कलम होते: आयटीटी आणि चिले सरकार यांनी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर घालून एक तंत्रज्ञान प्रतिष्ठान काढायचे. १९७६ मध्ये ५ कोटी डॉलरच्या निधीची फुंदासिओन चिले अशी जन्माला आली. पैशाचा उगम स्वच्छ नव्हता. तरीही तडजोडीतली रक्कम देशाबाहेर न जाता देशातल्या कामाला बांधली गेली, हे त्या कलमाचे श्रेय मानावे लागते.

रचना साधी होती. संचालक मंडळावर सरकारचे आणि आयटीटीचे प्रतिनिधी होते, पण कायद्याने संस्था खासगी आणि ना-नफा होती. सरकारी खात्याची वेतनश्रेणी, निविदेची वाट, दरवर्षीच्या अंदाजपत्रकाची टांगती तलवार यांपैकी काहीच नव्हते. कंपनीत भागभांडवल घालण्याची मुभा होती, आणि पुढचे सगळे या मुभेवर उभे राहिले.

सुरुवातीची वर्षे मात्र अपेक्षेप्रमाणे गेली नाहीत. अन्नप्रक्रिया आणि इलेक्ट्रॉनिक्स या विषयांत प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि सल्ला द्यायचा, कंपन्यांनी शुल्क देऊन तो घ्यायचा, अशी कल्पना होती. गिऱ्हाईकच फारसे मिळेना. कारण त्या काळच्या अर्थव्यवस्थेत होते. १९७५ मध्ये चिलेचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घसरले होते. आयात शुल्क झपाट्याने खाली आणले जात होते, १९७९ पर्यंत ते बहुतेक मालावर सरसकट १० टक्क्यांवर आले. जुन्या कारखान्यांना बाहेरच्या मालाशी टिकायचे कसे याची भ्रांत होती, संशोधनाचे बिल कोण भरणार? ज्या कंपनीकडे स्वतःचा एकही अभियंता नाही, तिला अहवाल दिला तरी वाचणार कोण, हाही प्रश्न होता. सल्ला विकत घ्यायलासुद्धा थोडे ज्ञान आधी अंगी असावे लागते.

शिवाय नव्या धंद्यात पहिल्याची गोची असते. पहिला उतरणारा चुकांचे पैसे भरतो. जमले तर शेजारी फुकट शिकतो, बुडाले तर हा एकटा बुडतो. म्हणून शहाणा व्यापारी दुसरा यायचे ठरवतो, आणि सगळेच दुसरे यायचे ठरवतात. ही पहिली जोखीम उचलणे हेच आपले काम, असे प्रतिष्ठानाने ठरवले. सांगायचे सोडून करून दाखवायचे. परदेशात चालणारे तंत्र शोधायचे, इथल्या पाण्याला आणि मातीला जुळवायचे, खऱ्या बाजारात खरा नफा-तोटा दाखवणारी पथदर्शी कंपनी काढायची, आणि ती चालू लागली की विकून पैसे पुढच्या कामाला लावायचे.

सॅमनच्या बाबतीत पाटी कोरी नव्हती. १९६९ पासून जपान आणि चिले सरकारचा एक संयुक्त प्रकल्प दक्षिणेतल्या आयसेन भागात चालू होता. तिथे पिल्ले नदीत सोडायची आणि मोठी होऊन परत आली की पकडायची, अशी पद्धत होती. उत्तर पॅसिफिकमध्ये ती चालते, इथे परतणारे मासे नगण्य निघाले. युनियन कार्बाइडच्या डोमसी या मत्स्यशाखेने चिलोए बेटावर हाच प्रयोग केला, त्यालाही यश आले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निचिरो या जपानी कंपनीने दक्षिणेतल्या पुएर्तो मॉन्त या बंदराजवळ कोहो जातीचा सॅमन पिंजऱ्यात वाढवायला घेतला, आणि तो वाढला. म्हणजे 'इथे सॅमन जगतो का' याचे उत्तर मिळाले होते. 'यात धंदा होतो का, आणि तो कोणालाही करता येईल का' याचे उत्तर उघड नव्हते, कारण खासगी कंपनी आपले आकडे शेजाऱ्याला दाखवत नसते. प्रतिष्ठानाने डोमसीचा चिलेतला पसारा विकत घेतला आणि १९८२ मध्ये साल्मोनेस अंतार्क्तिका ही कंपनी स्थापन केली.

आता काम प्रत्यक्षात काय होते ते पाहू. वीण, म्हणजे फलित अंडी, सुरुवातीला उत्तर अमेरिकेतून आणावी लागे. अंडी फलित झाल्यावर एक-दोन दिवसांनी इतकी नाजूक होतात की धक्का लागला तर मरतात. गर्भाचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले की ती पुन्हा प्रवास सोसतात. म्हणून 'डोळस' अंडीच ओलसर, थंड खोक्यांतून विमानाने येतात. आल्याबरोबर ती उबवणीच्या पाण्याच्या तापमानाला हळूहळू आणायची आणि १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) आयोडोफोर या आयोडीनच्या जंतुनाशकात १० मिनिटे बुडवायची. पाणी कमी क्षारांचे असेल तर आयोडोफोरने ते आम्लधर्मी होते आणि अंडी मरतात, म्हणून आधी खाण्याचा सोडा घालून सामू सावरायचा. उबवणीचा हिशेब दिवसांवर नसतो, अंश-दिवसांवर असतो, म्हणजे पाण्याचे तापमान गुणिले दिवस: १० अंश सेल्सिअसला कोहोची अंडी फुटायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, पाणी गार असेल तर त्याच प्रमाणात जास्त.

इथे एक अडचण येते, जिचा कागदावर पत्ता लागत नाही. उत्तरेतला मासा तिथल्या हिवाळ्यात अंडी देतो, तेव्हा चिलेत उन्हाळा असतो. आलेली वीण सहा महिने चुकलेल्या ऋतूत वाढते. समुद्रात जायची तयारी दिवसाच्या लांबीवर ठरते, त्यामुळे पिल्ले अंगाने मोठी होतात पण खाऱ्या पाण्याला तयार नसतात. पिढी इथेच वाढली, इथल्या प्रकाशात पक्व झाली की चक्र जुळते. म्हणून आयात अंड्यांवर विसंबून न राहता स्वतःचे प्रजनक मासे तयार करणे हे या कंपनीपुढचे पहिले मोठे काम होते.

अंड्यातून निघालेले मत्स्यजिरे, म्हणजे इवले पिल्लू, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगते. ती पिशवी संपत येते तेव्हाच पहिले खाद्य द्यायचे. उशीर झाला तर डोके मोठे आणि अंग काडीसारखे राहिलेली पिल्ले दिसतात, ती पुन्हा सावरत नाहीत. बोटुकली झाल्यावर गोड्या पाण्यातला मुक्काम, त्यासाठी दक्षिणेतली सरोवरे कामी आली. समुद्रात न्यायची वेळ ओळखायची खूण अशी: अंगावरचे उभे पट्टे पुसट होतात, खवले चांदीसारखे चमकतात, बोटाला सहज सुटून येतात. खूण पुरेशी नाही, म्हणून थोडी पिल्ले २४ तास खाऱ्या पाण्यात ठेवून पाहायची. घाई केली तर काही मरतात आणि उरलेल्यांतली पुष्कळ खुरटी राहतात. खुरट्या माशाचे नुकसान मेलेल्यापेक्षा जास्त, कारण तो वर्षभर खातो आणि विकला जात नाही.

समुद्रात सुरुवातीचे पिंजरे लाकडी चौकटीचे आणि लहान होते. आजच्या ३० मीटर बाय ३० मीटरच्या पोलादी पिंजऱ्यांपुढे ते खेळण्यासारखे वाटतील. जाळ्याला शेवाळ आणि शिंपले धरतात, भोके बुजतात, पाणी खेळत नाही आणि पहाटे प्राणवायू खाली जातो. जाळी ठरल्या दिवशी बदलून धुवावीच लागतात. सागरी सिंह जाळे फाडतात, म्हणून बाहेरून दुसरे जाड जाळे लागते आणि ते खालून ताणून बसवावे लागते. सैल राहिले तर प्राणी ते ढकलून आतल्या माशाला चावतो.

रोज सकाळी पाणबुड्या जाळ्याच्या तळाशी उतरतो आणि मेलेले मासे वर आणतो. मोजायचे, वजन करायचे, कल्ले पाहायचे आणि पोट फाडायचे. मूत्रपिंड सुजून त्यावर राखट-पांढऱ्या गाठी दिसल्या तर जिवाणूजन्य मूत्रपिंडाचा रोग. हा रोग आईकडून अंड्याच्या आत येतो, त्यामुळे वरून आयोडोफोरने धुऊन जात नाही. मुख्य उपाय असा: वीण घेताना प्रत्येक मादीचा नमुना तपासायचा आणि दोषी मादीची अंडी टाकून द्यायची. त्यासाठी प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या तबकात ठेवावी लागतात. कंटाळा करून अंडी एकत्र ओतली की तपासणीचा उपयोग संपला.

धंद्याचे गणित समजण्यासाठी एक गोल हिशेब मांडू. हे गृहीत धरलेले आकडे आहेत, कंपनीच्या वहीतले नाहीत. वर्षाला १,००० टन कोहो, एक मासा अडीच किलोचा, म्हणजे काढणीला ४ लाख मासे. समुद्रात पाचवा हिस्सा मेला तर ५ लाख पिल्ले सोडायला हवीत. अंड्यापासून इथपर्यंत निम्मी जगली तर १० लाख अंडी. एका मादीची अडीच हजार धरली तर ४०० माद्या, त्यात तपासणीत बाद होणाऱ्यांसाठी वाढीव. एक किलो मासा वाढायला दोन किलो खाद्य लागले तर २,००० टन खाद्य. आणि अंडे ते पैसा हा प्रवास जवळपास दोन वर्षांचा. म्हणजे पहिला मासा विकायच्या आधीच दुसऱ्या खेपेवर खर्च सुरू झालेला असतो. खेळते भांडवल यातच अडकते. पाण्यात पोहणारा, मोजता न येणारा माल बँक सहज तारण धरत नाही. प्रतिष्ठानाच्या निधीचा खरा उपयोग इथे झाला. यंत्रसामग्री दुय्यम होती, दोन वर्षे धीर धरणारा पैसा महत्त्वाचा होता.

सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. आधीचे ओलसर खाद्य लवकर नासे आणि पाण्यात विरघळे, किलोमागे तीन किलोपर्यंत लागे. कोरड्या गोळीने हे प्रमाण पुढे दीडच्या आसपास आले. मासळीची भुकटी देशातच होती, हा चिलेचा हुकमी एक्का. पण गोळीत अस्टाझँथिन हे रंगद्रव्य नसेल तर मांस फिके राहते, आणि जपानी खरेदीदार रंग पाहूनच भाव ठरवतो. काढणीचा हंगामही सांभाळावा लागे. कोहो पक्व व्हायला लागला की कातडी काळवंडते आणि मांसाचा रंग उतरतो, म्हणून काही आठवड्यांच्या खिडकीत सगळा माल काढायचा. मासा मारल्याबरोबर रक्त जाऊ द्यायचे, बर्फाळ पाण्यात टाकायचे, आतडी काढायची. चिलेतला उन्हाळा म्हणजे उत्तरेतला हिवाळा, तिकडे ताजा सॅमन तेव्हा कमी असतो, याचा फायदा मिळाला. जपानला डोके आणि आतडी काढून गोठवलेला माल जहाजाने जाई. अमेरिकेला ताजा मासा पाठवायचा तर पुएर्तो मॉन्तहून सान्तियागोच्या विमानतळापर्यंत सुमारे १,००० किलोमीटर ट्रक आणि पुढे विमान.

वेळही साथ देणारी ठरली. १९७९ पासून डॉलर ३९ पेसोंवर बांधून ठेवलेला होता, निर्यातदाराचे त्यात हाल होते. जून १९८२ मध्ये ती गाठ सुटली, पेसो घसरला, बँका कोसळल्या, देश खोल मंदीत गेला. पण डॉलरमध्ये विकणाऱ्या आणि पेसोत मजुरी देणाऱ्या धंद्याला त्याच पडझडीने हात दिला. १९८२ मध्ये सुरू झालेल्या कंपनीच्या यशातून हा भाग वजा करूनच तिचे श्रेय मोजायला हवे.

काही वर्षांतच साल्मोनेस अंतार्क्तिका वर्षाला १,००० टनांच्या टप्प्यावर पोहोचली. तोवर इतर गुंतवणूकदार आत आले होते. १९८६ मध्ये उत्पादकांची संघटना उभी राहिली आणि १९९० पर्यंत देशाचे उत्पादन २० हजार टनांच्या पुढे गेले. ज्ञान पसरले ते अहवालांतून कमी आणि माणसांतून जास्त. उबवणीत तबके सांभाळलेला तंत्रज्ञ दुसऱ्या कंपनीत गेला की त्याच्याबरोबर सगळी पद्धत जाते. खासगी मालकाला अशी गळती बोचते. प्रतिष्ठानाच्या लेखी तेच उद्दिष्ट होते. माल परदेशात नाकारला जाऊ नये म्हणून गुणवत्तेच्या प्रमाणपत्राचे कामही प्रतिष्ठानाने हाती घेतले, कारण एका निष्काळजी निर्यातदाराची खराब पेटी सगळ्या देशाचे नाव घालवते.

१९८८ मध्ये कंपनी जपानच्या निप्पॉन सुइसानला २ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. हा निर्णय आम्हाला बरोबर वाटतो, आणि तो अवघड होता हेही खरे. फायद्यात चाललेली कंपनी विकायला कोणाचे मन धजत नाही, दरवर्षीचा लाभांश आयताच मिळत असतो. पण प्रतिष्ठान धंद्यात राहिले असते तर ज्यांना शिकवले त्यांचेच ते प्रतिस्पर्धी झाले असते, आणि त्याची माहिती शेजाऱ्यांनी मोकळेपणाने घेतली नसती. विक्रीला आणखी एक अर्थ होता. बाहेरच्या जाणकाराने रोख मोजली, म्हणजे धंदा खरा आहे याची ती पावती. नवी संस्था हे अनुसरू पाहत असेल तर बाहेर पडायची अट कंपनी काढतानाच लिहून ठेवावी: किती टनांवर, किंवा किती स्पर्धक आल्यावर. नंतर ठरवू म्हटले की ते ठरत नाही.

प्रतिष्ठानाचे सगळेच उपक्रम असे फळले नाहीत. शतावरी, बेरी, निर्वात पिशवीतले गोमांस, टर्बोट मासा अशा अनेक दिशांना हात घातला गेला. काही चालले, काही नाही. काही फसणार हे धरूनच निधीची विभागणी करावी लागते. २००५ मध्ये बीएचपी बिलिटन या खाणकंपनीची एस्कोन्दिदा ही तांब्याची खाण भागीदार म्हणून आली, आणि पुढे खाणींच्या अडचणी घेऊन स्थानिक पुरवठादारांकडून उपाय घडवण्याचा कार्यक्रम चालला.

आता उणी बाजू. पथदर्शी कंपनी एका पिंजऱ्यात फायदा होतो हे दाखवते. एका खाडीत किती पिंजरे मावतात हे ती दाखवू शकत नाही, कारण ती असते तेव्हा खाडी रिकामी असते. विक्रीनंतर वर्षभरातच, १९८९ मध्ये, पुएर्तो मॉन्तच्या परिसरात कोहो मोठ्या संख्येने मरू लागले. पिसिरिकेट्सिया साल्मोनिस हा तोवर अज्ञात जिवाणू त्यातून ओळखला गेला. तो पेशीच्या आत राहतो, लसही नीट लागू पडत नाही, म्हणून प्रतिजैविकांवर भिस्त वाढत गेली. २०१५ मध्ये चिलेच्या सॅमनशेतीत ५५० टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली गेली. नॉर्वेचा वर्षाचा वापर साधारण एक टन किंवा त्याहून कमी असतो.

मोठा फटका २००७ मध्ये बसला. चिलोएच्या भागात अटलांटिक सॅमन या दुसऱ्या जातीत संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणू सापडला. तो नॉर्वेतल्या विषाणूच्या जवळचा निघाला, आणि आयात अंड्यांकडे बोट गेले. पण विषाणू आला म्हणून एवढे नुकसान होत नाही. शेते एकमेकांना खेटून होती, एकाच खाडीत लहान आणि मोठे मासे शेजारी होते, जिवंत पिल्ले भरलेली जहाजे एका भागातून दुसऱ्या भागात फिरत होती आणि कोणतीही खाडी कधीच पूर्ण रिकामी होत नव्हती. विषाणूला पुढचा यजमान नेहमी हाताशी. अटलांटिक सॅमनचे उत्पादन जवळपास ४ लाख टनांवरून २०१० मध्ये सव्वा लाख टनांच्या आसपास आले आणि हजारो कामगार घरी बसले.

आमच्या मते, हाच सकाळचा मेलेल्या माशांचा आकडा, जो प्रतिष्ठानाच्या कंपनीत रोज लिहिला जात होता, तो विक्रीनंतर सगळ्या शेतांचा मिळून एका ठिकाणी जमा व्हायला हवा होता. ते करण्याची पत आणि तटस्थता त्या काळी प्रतिष्ठानाइतकी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. उद्योगाने आपली तंत्रसंस्था १९९० च्या दशकात काढली, पण शेजाऱ्याला रोग लपवण्याचे कारण उत्पादकांच्याच संस्थेत पुरते संपत नाही. कायदाही मागून आला: मत्स्यशेतीला जागा देण्याची चौकट १९९१ ची, पर्यावरण आणि रोगनियंत्रणाचे नियम २००१ चे. २०१० च्या दुरुस्तीनंतर खाड्यांचे गट पाडले गेले. आता एका गटातली सगळी शेते २४ महिने एकत्र चालतात आणि मग ३ महिने एकत्र रिकामी राहतात, जेणेकरून पाण्यातल्या विषाणूला जगायला मासाच उरू नये. पहिली पथदर्शी कंपनी निघाली त्याला तोवर २८ वर्षे झाली होती.